भोपळ्याच्या पिंगळ्याची मान फिरवायची आहे: नायटिनॉल तार आसाला गुंडाळली, पण दहा अंशांपुढे सरकत नाही

मिरजेचा_मास्तर

नमस्कार मंडळी. मी शाळेत चित्रकला शिकवतो. यंत्राचं शिक्षण नाही, नुसता नाद आहे. दरवर्षी घरच्या गणपतीपुढे एक हलता देखावा करतो. गेल्या वर्षी मोट केली होती, वायपरची मोटर लावून. आरती सुरू झाली की ती इतकी घरघरायची की दुसऱ्याच दिवशी वडिलांनी प्लग काढून ठेवला. म्हणून यंदा एकच गोष्ट करायची पण नीट करायची असं ठरवलं आहे. फांदीवर बसलेला पिंगळा, अधूनमधून मान वळवून बघणारा. बाकी काहीही हलणार नाही.

अंग भोपळ्याचं आहे. आमच्या गल्लीत तंबोरे करणारे कारागीर आहेत, त्यांच्याकडे लहान निघाला म्हणून बाजूला पडलेला कडू भोपळा मिळाला. वाळवून, कोरून, रंगवून झाला आहे. आतली सरळ उंची १६ सेंटीमीटर. डोकं कागदाच्या लगद्याचं, वजन ४५ ग्रॅम. मानेचं भोक १२ मिलिमीटर आणि त्याहून मोठं करता येणार नाही, नाहीतर वळताना गळ्यातली फट दिसते. मान उजवीकडे ४५ अंश आणि डावीकडे ४५, म्हणजे एकूण ९० अंश फिरली पाहिजे.

आधी बाजारात मिळतो तो निळा छोटा सर्वो (सांगितलेल्या अंशावर फिरून थांबणारी गिअरची मोटर) लावला. फिरला झकास. पण अंग तंबोऱ्याच्या भोपळ्याचं, घुमणं हा त्याचा धर्मच. सर्वोची ती झिर्रर्र खोलीभर ऐकू येते. आई म्हणाली, पिंगळा बसवलायस की दातांचा दवाखाना काढलायस?

मग नायटिनॉलबद्दल वाचलं. निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूची, तापवली की आखडणारी तार, आवाज शून्य. ०.१५ मिमी जाडीची एक मीटर मागवली. आता मी काय केलं ते सगळं सांगतो, हसू नका. ६ मिमीचा पितळी आस घेतला, त्यावर पिवळी कॅप्टॉन टेप गुंडाळली (तार पितळेला लागून शॉर्ट होऊ नये म्हणून), तिच्यावर तारेचे पाच वेढे घातले, एक टोक आसाला डाग (सोल्डर) देऊन पक्कं केलं आणि दुसरं मानेजवळच एका स्क्रूला बांधलं. एकूण ११ सेंटीमीटर तार लागली. परत फिरायला रबर बँड. वीज १२ व्होल्टच्या अडॅप्टरची, मध्ये एक बटण.

पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा मान दहाएक अंश वळली. घरात टाळ्या. दुसऱ्या वेळी पाच अंश. तिसऱ्या वेळी टेपचा वास आला, तार निळसर-काळी पडली आणि आसावरचा डाग सुटून आला.

माझी समजूत अशी होती की वेढे जितके जास्त तितकं फिरणं जास्त. ती चुकली, की तारच वाईट आली? शिल्लक ८९ सेंटीमीटर आहे. दुसरी मागवायची वेळ येऊ नये एवढीच इच्छा.

गिअर_आणि_ग्रीस

मास्तर, तार वाईट नाही, कल्पना वाईट आहे. या तारेची कार्यक्षमता पाच टक्क्यांच्या वर जात नाही, बाकी सगळी उष्णता. ९ ग्रॅमचा सर्वो १.८ किलो-सेंटीमीटर बळ देतो, तेही मोजून पाहिजे त्या अंशावर. भोपळ्यात बसवू नका, खाली फांदीच्या ठोकळ्यात ठेवा, रबरी वायसरवर बसवा आणि वर एक सळई न्या. दोन तासांचं काम.

मिरजेचा_मास्तर

करून पाहिलं. सळई मानेच्या बुशाला टेकते आणि आवाज तिच्यातून वर चढून भोपळ्यात शिरतो. तंबोऱ्याच्या तारेचा सूर घोडीवरून भोपळ्यात उतरतो ना, तोच रस्ता. कारागीर शेजाऱ्यांनी कान लावून सांगितलं, "सूर चांगला उचललाय तुमच्या पक्ष्यानं."

आणि दुसरं, सर्वोवर मान वळते ती फौजदारासारखी. कोड लिहून हळू केली तर बारीक बारीक हिसके दिसतात. पिंगळा असा वळत नाही. मी रोज संध्याकाळी शाळेच्या वडावर बघतो.

टूलरूम_६२

मास्तर, हसण्यासारखं काही नाही. मी अगदी हेच केलं होतं, तेही पगार घेऊन.

चौतीस वर्षं टूलरूममध्ये गेली. त्यातली शेवटची काही उपकरणं बनवायच्या विभागात. तिथं एका भट्टीच्या झडपेचा खटका या तारेनं फिरवायचा विचार होता. मीही तार आसाला गुंडाळली. सात वेढे. तुमच्यापेक्षा दोन जास्त, कारण मी इंजिनिअर.

आधी तुमचं गणित बघू, कारण ते कागदावर बरोबर आहे. ११ सेंटीमीटर तार ४ टक्के आखडली तर ४.४ मिलिमीटर. आसाची त्रिज्या ३ मिमी. ४.४ भागिले ३ म्हणजे सुमारे ८४ अंश. फिरायला पाहिजे होतं. फिरलं दहा. दहा अंश म्हणजे परिघावर अर्धा मिलिमीटर. अर्धा मिलिमीटर हे ४ टक्के धरले तर काम किती तारेनं केलं? १३ मिलिमीटर. आता मोजा: पाच वेढ्यांत गेली ९.४ सेंटीमीटर, म्हणजे स्क्रूपासून आसापर्यंत मोकळी तार दीड सेंटीमीटरच होती. तेवढ्या मोकळ्या तुकड्यानंच काम केलं. गुंडाळलेली सगळी तार आसाला मिठी मारून बसली होती.

कारण घर्षण. नाव धक्क्याला बांधताना खांबाला दोरीचे दोन वेढे टाकले की एक पोरगं ती धरून ठेवतं, ते पाहिलंय ना? प्रत्येक वेढ्याला ओढ गुणाकारानं घटते. घर्षणांक ०.१५ धरला तर एका वेढ्यात ओढ अडीचपट कमी होते. पाच वेढ्यांनंतर शंभरावा हिस्साही उरत नाही. तार आखडते तेव्हा मिठी आणखी घट्ट. म्हणजे वेढे वाढवून तुम्ही फिरणं वाढवलं नाही, ब्रेक वाढवला.

दुसरं, वाक. ०.१५ ची तार ६ मिमीच्या आसावर वाकवली की तिच्या बाहेरच्या कडेला अडीच टक्के ताण नुसता वाकण्यातच जातो. तिच्याकडे एकूण खर्चायला चारच टक्के. अर्ध्याहून जास्त पगार भाड्यात.

तिसरं, वीज. ही तार मीटरला ५५ ओहम. तुमच्या तुकड्याचे झाले ६. बारा व्होल्टवर दोन अँपिअर. उत्पादकांच्या तक्त्यात या जाडीला एका सेकंदात आखडण्यासाठी लागतात ४१० मिलिअँपिअर. तुम्ही पाचपट दिले, म्हणजे उष्णता चोवीसपट. निळी पडलेली तार मेली. तिला फेकून द्या, सांभाळून ठेवू नका. मी ठेवली होती आणि पुढच्या नमुन्यात चुकून तीच लावली.

चौथं, डाग. टायटॅनियमच्या ऑक्साइडवर साधा डाग धरत नाही. वरून धरल्यासारखा दिसतो इतकंच.

तर मग काय करायचं? या तारेबद्दल मला एवढंच शहाणपण आलंय: तिला फिरवायला सांगायचं नाही. तिला सरळ ओढता येतं, तेवढंच तिच्याकडून घ्यायचं, आणि शेवटचं बोटभर अंतर दुसऱ्या कुणाकडून फिरवून घ्यायचं. तो दुसरा म्हणजे दोरा. मासेमारीचा विणलेला बारीक दोरा असतो, नायलॉनचा एकेरी नव्हे, तो ताणला जातो. केव्हलारचा मिळाला तर उत्तम, उष्णतेची भीती नाही. दोऱ्याला वाकायचं दुःख नसतं. त्याला ६ मिमी काय, २ मिमीच्या आसावर गुंडाळा.

तुमच्या भोपळ्यात उंची १६ सेंटीमीटर. आता तार उलट्या यू आकारात टाका. दोन्ही टोकं बुडाच्या फळीला पक्की, मधला वळसा वर एका चकतीवरून. चकती १० मिमी व्यासाची, परिघावर खाच, टेफ्लॉनची किंवा कशाचीही, पण वीज न वाहणारी आणि शंभर अंशांना न वितळणारी. चकतीच्या मधल्या भोकातून दोरा, दोरा मानेच्या ड्रमवर, म्हणजे मानेच्या आसावर दोरा गुंडाळायच्या गोल तुकड्यावर. फायदे मोजा. विजेच्या दोन्ही जोडण्या खाली, हलणाऱ्या भागावर एकही वायर नाही. तारेच्या दोन्ही बाजू ओढतात म्हणून बळ दुप्पट. एकेरी ०.१५ ची तार ३२० ग्रॅम ओढते, तुम्हाला मिळतील ६४०. आणि आखडणं? १६ सेंटीमीटरचे ३ टक्के, ४.८ मिमी. चार टक्के घेऊ नका, हाव सोडा, तार कितीतरी जास्त जगते.

४.८ मिमीत ९० अंश हवेत तर ड्रमची त्रिज्या ३ मिमी. म्हणजे ६ मिमीचा ड्रम. बारा मिलिमीटरच्या मानेत तो मावून वर जागा उरते.

परत फिरवायला रबर बँड नको. दुसऱ्या बाजूला अशीच दुसरी यू तार लावा, तिचा दोरा ड्रमवर उलट्या दिशेनं. एक तापली की ती आखडते आणि थंड असलेल्या दुसरीला ओढून लांब करते. पुढच्या वेळी उलट. थंड तार ओढायला साधारण तिसरा हिस्सा बळ लागतं, म्हणजे ६४० पैकी चारशे ग्रॅम तरी मानेसाठी उरले. ४५ ग्रॅमचं डोकं उभ्या आसावर आहे, त्याला वजन उचलायचं नाही, नुसतं वळायचं आहे. भरपूर झाले. दोन यू मिळून ६४ सेंटीमीटर तार, तुमच्याकडे ८९ आहे. नवी मागवू नका.

जोड कसा करायचा ते नीट वाचा, निम्मे लोक इथेच हरतात. टोक बारीक पॉलिश पेपरनं घासा, काळपट थर गेला पाहिजे. मग तार दुमडून पितळी नळीच्या तुकड्यात घाला, सोबत तांब्याची वायर, आणि पकडीनं चेपा. नळी कुठं मिळेल? इमिटेशन दागिन्यांच्या दुकानात माळेला लावायचे क्रिंप मणी मागा. दहा रुपयांत मूठभर देतात. दुकानदार काय करणार विचारेल, त्याला पिंगळा सांगू नका, वेळ जातो.

बांधणीचा क्रम: पहिली तार तापवा, मान पूर्ण डावीकडे जाऊ द्या. ती गरम असतानाच दुसऱ्या थंड तारेचा दोरा ताणून बांधा. मान मध्ये ठेवून दोन्ही बांधल्या तर निम्मंच फिरणं हातात येईल.

आणि शेवटची माझी चूक, तुम्ही करू नका. आमचा खटका ९० अंशांवर थांबावा म्हणून मी लोखंडी खुंट ठोकला होता. तार तापली, खुंटाला अडली, पण आखडायचं थांबत नाही ती. अडवली की तिच्यातला ताण भलताच चढतो. तीनशेएक फेऱ्यांत तुटली. अडवायचंच असेल तर दोऱ्यात एक बारीक स्प्रिंग घाला, जादा ओढ ती पिऊन टाकेल.

आखेनवासी

काका, फार सुंदर लिहिलंय, पण एका वाक्याला माझा विरोध. "तिला फिरवायला सांगायचं नाही" हे बारीक तारेचं खरं, धातूचं नाही. मी इथं जर्मनीत, आखेनला, याच विषयावर काम करते. तारेला पीळ घातला आणि तापवली, तर ती पीळ सोडवते. सरळ फिरते. दोरा नाही, ड्रम नाही, बेअरिंगसुद्धा जवळजवळ नाही.

मास्तरांच्याच मानेचं गणित करते. १ मिमी जाडीची तार, पिळानं पृष्ठभागावर ३ टक्के विकृती (शिअर), ९० अंश. लांबी लागते फक्त २६ मिलिमीटर! बोटाच्या पेरापेक्षा थोडी जास्त. आणि शंभर मेगापास्कल ताण धरला तर बळ साधारण २६ न्यूटन-मिलिमीटर, तुमच्या यू तारेतून उरणाऱ्या बळाच्या दुप्पट. सगळा अॅक्च्युएटर, म्हणजे हालचाल देणारा भाग, मानेच्या भोकातच बसेल.

मोठ्या कामाला लोक हेच वापरतात, फक्त भरीव तारेऐवजी नळी. पिळताना मधला गाभा जवळजवळ काहीच करत नाही, नुसता उष्णता खात बसतो. तो काढून टाकला की वजन कमी, आणि पोकळीत हीटर ठेवता येतो. नासानं २०१७ मध्ये कॅलिफोर्नियात एका छोट्या मानवरहित विमानाचे पंखांचे शेंडे उडताना ७० अंशांपर्यंत दुमडून दाखवले, ते अशाच नळ्यांवर. त्याहून मला आवडतं ते २०१९ मधलं. बोइंग ७७७-२०० वर पंखावरच्या छोट्या पात्यांना हे लावलं होतं. खाली हवा उबदार, पाती उभी. वर गारठा, पाती आपोआप आडवी. वायर नाही, बटण नाही, हवामानच चालक.

टूलरूम_६२

बाई, तुमचं बरोबर, माझं वाक्य दुरुस्त करतो: *बारीक तारेला* फिरवायला सांगायचं नाही.

पण तुमची २६ मिलिमीटरची तार गार कधी होणार? तक्त्यात ०.२५ ची तार साडेपाच सेकंदांत गार होते, ०.५ ची सतरा. त्याच चालीनं १ मिमीची पाऊण ते एक मिनिट घेईल. आणि तापवायची कशी? एवढ्या जाड आखूड तुकड्याचा विद्युतरोध ओहमच्या चाळिसाव्या हिस्स्याएवढा. वीज थेट सोडायची तर वेल्डिंग मशिन आणावं लागेल. वर निक्रोमचं (हीटरमधल्या तारेचं) वेटोळं घालून तापवलं तर ती उष्णताही सावकाश जाणार. विमानाच्या पात्याला घाई नसते. गणपतीपुढे उभं राहिलेलं पोर एक मिनिट थांबत नाही, ते मोदकाकडे जातं.

मंगळावरही तारच गेली होती बघा. १९९७ चा तो सोजर्नर रोव्हर. त्याच्या एका सौर घटावर काचेचं झाकण होतं, ते बाजूला फिरवायला अशीच तार होती. झाकण ठेवून एकदा मोजायचं, बाजूला करून एकदा, फरक म्हणजे काचेवर बसलेली धूळ. दिवसाला ०.२८ टक्के प्रकाश कमी होत होता. चिमूटभर वजनात फिरती हालचाल, आणि फेरे मोजकेच.

आखेनवासी

मोदकाचा मुद्दा मान्य. माझ्या प्रबंधात थंड होण्याच्या वेळेवर एक अख्खं प्रकरण आहे, त्यात हे उदाहरण नाही.

मास्तर, एक भर: दोन तारांची जोडी करताना पहिली पूर्ण गार झाल्याशिवाय दुसरीला वीज देऊ नका. ०.१५ च्या तारेला दोन सेकंद पुरतात म्हणतात, पण ते मोकळ्या हवेत. बंद भोपळ्यात पाच सेकंद सोडा. दोन्ही गरम असल्या तर एकमेकींना ओढून दोघीही बिघडतात. पंख्याची चिंता मात्र भोपळ्यामुळे मिटली. उघड्या तारेवर पंख्याचा वारा आला की तेवढ्याच विजेत ती तापतच नाही.

ओहमची_वही

वीज माझ्याकडे. व्होल्टेज ठरवू नका, प्रवाह ठरवा. एलएम३१७ घ्या (व्होल्टेज किंवा प्रवाह स्थिर ठेवणारी तीन पायांची चिप), त्याच्या आउटपुट आणि अॅडजस्ट पायांमध्ये ३.३ ओहम, एक वॉटचा रेझिस्टर. झाला ३८० मिलिअँपिअरचा स्थिर प्रवाह. एक यू तार ३२ सेंटीमीटर, म्हणजे साडेसतरा ओहम, तिच्यावर पावणेसात व्होल्ट पडतील. तुमचा १२ चा अडॅप्टर चालतो. पुढे दोन लॉजिक लेव्हल मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक बटणं), एक डाव्या तारेला, एक उजव्या, आणि ती दाबायला वर कुठलाही आर्डुइनो नॅनो, म्हणजे कोड चालवणारा छोटा बोर्ड. डावी सव्वा सेकंद, थांबा, उजवी सव्वा सेकंद, थांबा.

थांबा किती ते मात्र रॅन्डम ठेवा, वीस ते चाळीस सेकंद. घड्याळासारखा वळणारा पिंगळा दुसऱ्या मिनिटाला खोटा वाटतो. आणि काही बिघडून प्रवाह वाढला तर तार जळू नये म्हणून अर्ध्या अँपिअरचा फ्यूज. कोड अडकला तर तो पुन्हा सुरू करणारा वॉचडॉगही मी लावला असता, पण तुम्ही चित्रकलेचे आहात.

मिरजेचा_मास्तर

तीन आठवड्यांनी लिहितोय, माफ करा. परीक्षा होत्या.

फिरतो. आधी तेच सांगतो, मग रडगाणं.

चकतीसाठी टेफ्लॉन मिळालं नाही. शेजाऱ्यांनी सतारीच्या घोडीतलं उरलेलं हाड दिलं, झकास कातलंही गेलं. आईनं बघितलं आणि विचारलं हे काय. मी खरं बोललो. गणपतीपुढे हाड चालणार नाही म्हणाली, विषय संपला. मग शिसवी लाकडाच्या दोन चकत्या केल्या. आता शे-दोनशे फेऱ्यांनंतर खाचेत किंचित काळी रेघ दिसते, बाकी ठीक.

ड्रम चुकला. लेथवाल्याकडे ७ मिमीचा तयार तुकडा होता, म्हटलं चालेल. पहिल्याच चाचणीला मान ५८ अंश फिरली. काकांच्या पद्धतीनं गणित केलं: साडेतीन मिमी त्रिज्या, वर दोऱ्याची जाडी, म्हणजे ४.८ मिमीत ७४ अंशच येणार होते. उरलेले सोळा कुठं गेले? बोट लावून बघितलं तर बुडाची फळी वाकत होती. पाव इंची प्लायवूड. सहाशे ग्रॅमची ओढ, मी हिशेबातच धरली नव्हती. शिवाय दोऱ्याच्या गाठी बसत जातात, पहिल्या पन्नास फेऱ्यांत मान रोज थोडी आळशी व्हायची.

फळी सागवानी केली, ड्रम ६ चा करून घेतला. आणि गाठींवर उपाय शेजाऱ्यांनीच काढला: खुंट्या! प्रत्येक यू तारेचं एक टोक तांब्याच्या वायरीला क्रिंप करून ती वायर तंबोऱ्याच्या छोट्या खुंटीला गुंडाळली. लाकडी खुंटी, म्हणजे वीज कुठं जात नाही. दोरा सैल वाटला की खुंटी पिळायची. त्यांनी तर तारेवर नख मारून दोन्ही बाजू एका सुरात लावून दिल्या. ताण सारखा आहे का बघायला यापेक्षा चांगलं साधन माझ्याकडे नव्हतं.

आता ८२ अंश फिरते. राहिलेले आठ मी पिंगळ्याला माफ केले.

आवाज नाही. म्हणजे खरंच नाही, खोलीत घड्याळ ऐकू येतं. आणि वळणं कसं आहे सांगू? वीज दिल्यावर क्षणभर काहीच होत नाही. मग मान निघते, मध्ये वेग धरते, शेवटी मऊ थांबते. वीज गेली की तार गार होताना मान चार-पाच अंश मागे येते. मला आधी तो दोष वाटला, मी खुंटी पिळायला गेलो. वडील म्हणाले राहू दे, तो विचार करतोय.

एक शंका उरली आहे. बुडाच्या एका क्रिंपपाशी तार बाकीच्यापेक्षा जास्त गरम लागते. बोट टेकवलं तर चटका बसतो, दुसऱ्या तिन्ही टोकांना बसत नाही.

टूलरूम_६२

त्या क्रिंपचा रोध जास्त आहे. पॉलिश पेपर मारला नसणार तिथं, किंवा तार दुमडलेली नाही. आज उद्या तिथूनच तुटेल, तेही नेमकं आरतीला. आत्ताच कापून नवा मणी चेपा, अर्धा सेंटीमीटर तार गेली तर खुंटी आहेच. मग देखावा मांडायच्या आधी एक रात्र पाचशे फेरे रिकामा चालवा आणि सकाळी पुन्हा खुंट्या लावा. नवी तार सुरुवातीला जराशी लांबावते, मग स्थिरावते. दहा दिवस, दिवसाला बारा तास, अर्ध्या मिनिटाला एक वळण. एकेका तारेच्या वाट्याला सात हजार दोनशे फेरे येतात. ३ टक्क्यांवर ते तिला जड नाहीत. क्रिंपला आहेत.

खुंटीची कल्पना मात्र आम्हाला चौतीस वर्षांत सुचली नाही. आम्ही त्यासाठी एम-३ चा अॅडजस्टिंग स्क्रू, लॉकनट आणि चार पानांचं ड्रॉइंग केलं होतं.

मिरजेचा_मास्तर

क्रिंप उघडला. घासलेलाच नव्हता. नवा केला, आता चारी टोकं सारखी कोमट.

काका, उरलेल्या तारेत पापण्या होतील का? एकच पापणी, एकच डोळा मिटला तरी चालेल.

टूलरूम_६२

०.१५ नको तिथं, जागा कुठाय? ०.०५ ची घ्या, ८५ मिलिअँपिअरवर चालते आणि अर्ध्या सेकंदात गार होते. पण केसाएवढी असते. क्रिंप करताना डोळ्याला भिंग आणि खोलीतला पंखा बंद, नाहीतर उडून गेली की फरशीवर शोधत बसाल. मी एकदा दोन तास शोधली होती, शेवटी माझ्याच बाहीवर सापडली.

आणि आधी गणपती बसू द्या.